टोल उधारीवर कधी सुटतो?

मालेगावात गुरुवार म्हणजे यंत्रमाग कामगारांच्या मजुरीचा दिवस. अशाच एका गुरुवारी आमच्या मोबाइलवर संदेश आला की, तुमच्या गाडीचा टोल थकला आहे, आज रात्रीपर्यंत भरला नाही तर फास्टॅग बंद होईल. खाली लिंक दिलेली. आमचा टेम्पो कापडाच्या गाठी घेऊन भिवंडीकडे निघालेला होता. चांदवड, पिंपळगाव, घोटी, पडघा असे नाके वाटेत. ड्रायव्हर फोन उचलेना. आम्ही लिंकवर बोट ठेवणार, तोच मुनीमजी म्हणाले, "शेठ, टोल उधारीवर कधी सुटतो का?"

सारी गोम या एका वाक्यात आहे. 15 फेब्रुवारी 2021 च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग सक्तीचा झाला. त्यात पैसे आधी भरावे लागतात आणि नाक्यावर ते कापले जातात. शिल्लक नसेल तर वसुली तिथेच होते, तीही जादा दराने. मग घरी बसलेल्या मालकाला थकबाकीची लिंक कोण पाठवणार? शंका असेल तर टॅग देणाऱ्या बँकेचे ॲप स्वतः उघडून पाहावे, किंवा महामार्ग प्राधिकरणाच्या 1033 क्रमांकावर विचारावे. साध्या दहा आकडी क्रमांकावरून आलेला असा संदेश तर पुढे वाचूच नये.

आता वार्षिक पासचेही आमिष दाखवले जाते. हा पास 15 ऑगस्ट 2025 रोजी 3000 रुपयांत सुरू झाला, पण तो फक्त खासगी कार, जीप, व्हॅनसाठी आहे. मालवाहू टेम्पोला पास देतो म्हणणारा उघड ठग समजावा. त्याहून घातक म्हणजे व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने येणारी एपीके फाइल. ती मोबाइलमध्ये बसली की ओटीपी परस्पर तिकडे जातात. चलन आहे की नाही, हे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन तपासता येते.

आपल्या खात्यातील सारी रक्कम आपली नसते. त्यात सूतवाल्याचे बिल असते, कामगारांची मजुरी असते. ती अमानत आहे. म्हणून टॅगसाठी वेगळे खाते आणि वेगळा मोबाइल ठेवावा, त्यात लागेल तेवढीच रक्कम असावी, असे आमचे मत आहे.

आमच्या ओळखीचे एक व्यापारी फसले आणि बाजारात हसू होईल म्हणून दोन दिवस गप्प बसले. इज्जत राखली, रक्कम गेली. 1930 वर लगेच कळवले तर पैसे पुढच्या खात्यात रोखले जाण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाने असे ठरवले की, ग्राहकाच्या चुकीने झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे गप्प बसण्याचा प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो.

बँकांनाही आमचे सांगणे आहे. आम्ही उर्दू माध्यमात शिकलेले लोक. इंग्रजी संदेशातला आकडा तेवढा वाचतो आणि घाबरतो. सेवाशुल्क वेळेवर कापता, तर इशारे मराठीत आणि उर्दूत का पाठवत नाही?

तूर्त आम्ही 1930 आणि 1033 हे दोन्ही क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर आणि टेम्पोच्या काचेवर उर्दूत लिहून ठेवले आहेत. लिंक आली की आधी मुनीमजींना दाखवायची, असे ड्रायव्हरलाही बजावले आहे.