झाकण उघडलं तर?
वॉशिंग मशीनचा प्रोग्राम लिहायचा आहे असं समजा. पाणी भरणं, धुणं, खळबळणं, पिळणं अशा चार अवस्था, आणि झाकण कधीही उघडलं तरी मशीन थांबलंच पाहिजे. सपाट आराखड्यात प्रत्येक अवस्थेतून ‘थांब’कडे जाणारा झाकणाचा बाण चारदा काढावा लागतो. पाचवी अवस्था आली की तो हमखास राहून जातो. १९८३च्या सुमारास इस्रायलच्या लावी लढाऊ विमानावर काम करताना डेव्हिड हारेल यांच्यापुढे अशाच, पण कितीतरी मोठ्या गुंत्याचा प्रश्न होता. अवस्थेच्या पोटात अवस्था ठेवण्याचं त्यांचं उत्तर, स्टेटचार्ट, १९८७ साली प्रसिद्ध झालं. चारही धाकट्या अवस्था ‘चालू’ या थोरल्या अवस्थेच्या पोटात घातल्या, की झाकणाचा एकच बाण पुरतो. धाकटीला जे हाताळता येत नाही, ते थोरलीकडे जातं. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. पायथनमध्ये ‘ट्रान्झिशन्स’ लायब्ररीतलं हायरार्किकलमशीन हेच करतं. अवस्थांच्या नावांत मात्र अंडरस्कोअर टाळा, ते चिन्ह तिथं थोरली-धाकटीचं नातं दाखवतं. खरी कसोटी झाकण पुन्हा लावल्यावर लागते: पिळणं अर्धवट असेल, तर मशीननं पुन्हा पाणी भरायला लागू नये. म्हणून थोरलीतून बाहेर पडतानाच शेवटची धाकटी कोण होती, ते जपून ठेवावं लागतं.