भाजीतील विषाला जबाबदार कोण?

शहरांचे सांडपाणी शुद्ध करून शेतीला द्यावे, हे धोरण मुळात योग्यच आहे. त्यातील नत्र व स्फुरद पिकाला मिळतात आणि भर उन्हाळ्यातही ओलीत होते. परंतु त्यात कारखान्यांचे पाणी मिसळू दिले म्हणजे काय घडते, हे कानपूरच्या जाजमऊ भागात दिसून आले.

१९८६ साली सुरू झालेल्या गंगा कृती योजनेखाली तेथे दररोज ३ कोटी ६० लाख लिटर क्षमतेचे केंद्र उभारण्यात आले. चर्मोद्योगाच्या ९० लाख लिटर पाण्यात तिप्पट घरगुती सांडपाणी मिसळावयाचे, त्यावर प्रक्रिया करावयाची व ते कालव्याने आसपासच्या शेतांना द्यावयाचे, अशी योजना होती. परंतु जिवाणू मैला कुजवतात. धातू नष्ट करू शकत नाहीत. कातडी कमावताना वापरलेले क्रोमियम काही गाळात बसले, काही पाण्याबरोबर शेतात गेले. विष पातळ केल्याने ते नाहीसे होत नाही.

सर्व धातू पिकात सारखे चढत नाहीत. क्रोमियम बहुतांशी मुळांतच अडकते, शिसे मातीला धरून राहते. कॅडमियम मात्र सहज पानांपर्यंत पोहोचते. पालकासारख्या पालेभाज्यांना धोका अधिक तो यामुळेच. भाजी धुतल्याने माती जाते, पानात भिनलेला धातू जात नाही. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतील कॅडमियम भातात उतरले आणि हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ रोग पसरला. त्याचे हे कारण सरकारने मान्य केले ते १९६८ साली.

अशा वेळी उभी भाजी उपटून शेतकऱ्यालाच गुन्हेगार ठरविणे हा शुद्ध कांगावा होय. ते पाणी त्याने निर्माण केलेले नाही. त्याचे कुटुंबही तीच भाजी खाते. स्वस्त भाजी घेणाऱ्या कामगाराच्या ताटातही तेच विष पडते.

१९८७ साली कानपूरच्या चर्मोद्योगांविषयीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मालकांची ऐपतीची सबब फेटाळली. किमान वेतन देऊ न शकणाऱ्या उद्योगाला जसे चालू राहता येत नाही, तसेच प्राथमिक शुद्धीकरण न करणाऱ्यालाही राहता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. हे तत्त्व सर्व देशाला लागू झाले पाहिजे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात : कारखान्यांचे पाणी घरगुती सांडपाण्यापासून वेगळे ठेवा, क्रोमियम कारखान्यातच परत मिळविण्याची सक्ती करा, लहान उद्योगांसाठी सरकारने सामाईक यंत्रणा उभारावी, माती व भाजीच्या तपासणीचे निष्कर्ष गावात जाहीर करा, शेतकऱ्याला नुकसानभरपाई आणि कारखाना बंद राहिल्यास कामगाराला पूर्ण वेतन द्या. शेतकरी व चर्मकामगार यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा डाव हाणून पाडणे, हे आज पक्षसभासदांचे कर्तव्य आहे.