शिबला-पारडीचे पाषाणस्तंभ

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी-पांढरकवडा भागात, शिबला-पारडी येथे, २०२१ साली रस्त्याचे काम चालू असता काळ्या पाषाणाचे बहुकोनी स्तंभ, एकमेकांस खेटून उभे असलेले, जमिनीतून उघडे पडले. आणि त्यांच्या कडा इतक्या रेखीव की पाहणाऱ्यास ते छिन्नीचे काम वाटावे. वस्तुतः तप्त शिलारस थिजून निवू लागला तसतसा तो आकसला, त्यास भेगा गेल्या, त्या थंड होणाऱ्या पृष्ठाशी काटकोन करून आत आत उतरल्या, आणि भेगांच्या मधोमध जो दगड उरला तोच हा स्तंभ.

सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला हा शिलारस मुख्यत्वे एखाद्या शंक्वाकृती पर्वताच्या मुखातून नव्हे, तर ताणल्या गेलेल्या भूकवचाच्या लांबच लांब भेगांतून वर आला. धुळे-नंदुरबारकडे शिवारांतून भिंतीप्रमाणे सरळ धावणाऱ्या पाषाणाच्या रांगा म्हणजे भरून थिजलेल्या अशाच भेगा होत. भूमी फाकते तेव्हा काय घडते, हे आज आइसलँडमध्ये प्रत्यक्ष मोजता येते. तेथे दोन भूपट्ट वर्षाकाठी सुमारे २ सेंटिमीटर एकमेकांपासून दूर सरतात. १० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्रिंडाविक गावाखाली शिलारस सुमारे १५ किलोमीटर लांबीच्या भेगेत घुसला, वरची जमीन काही ठिकाणी मीटरभराहून अधिक खचली, आणि गाव तातडीने रिकामे करण्यात आले. उद्रेक झाला तो १८ डिसेंबरला. उपग्रहांनी व भूमापक यंत्रांनी जमिनीची हालचाल आधीच टिपली होती, म्हणून माणसे वाचली.

आपल्या भूमीची ती हालचाल केव्हाच निमाली. तिचे दप्तर मात्र दगडात शाबूत आहे, आणि ते वाचण्याचे साधन अशा उघड्या पडलेल्या जागाच होत. कर्नाटकातील सेंट मेरी बेटावरचे असेच स्तंभ राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जतन झाले. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीभोवती मात्र इमारतींनी पार वेढा घातला आहे. यवतमाळने यांपैकी पहिला मार्ग धरावा असे माझे स्पष्ट मत आहे. गिट्टीला दगड अन्यत्रही मिळेल. जिल्हा प्रशासनाने ही जागा गौण खनिजाच्या परवान्यांतून कायमची वगळावी, महसुली दप्तरात तशी नोंद करावी, आणि गावच्या शाळेतील मुलांना हे स्तंभ समजावून सांगणारा एक मराठी फलक तेथे उभारावा.