कष्टाचं चीज

गेल्या शनिवारी इथल्या एका मराठी घरी चहाला जमलो होतो. बाहेर नेहमीचा इंग्लिश पाऊस, आत पंधरा-वीस माणसं, आणि टेबलावर साबुदाणा वड्यापासून स्कोनपर्यंत सगळं. मी कांदा-मेतकुटाचे मफिन्स नेले होते. पहिला घास घेते न घेते तोच एका मैत्रिणीने विचारलंच, "छान झालेत गं, पण चीज नाही घातलंस?"

कोथिंबीर वडी खाताना विचारतं का कुणी असं? थालीपिठाला, आप्प्यांना नाही विचारत. मग तेच तिखट-मीठ मफिनच्या साच्यात गेलं की त्याला चीजचा परवाना का लागावा?

तेवढ्यावर भागलं असतं तर मी लिहायला बसलेच नसते. पण माझा भाचा सुट्टीला आलाय, आणि त्याला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. तो चीज घातलेल्या स्कोनच्या ताटाकडे बघत होता. एक काकू अगदी मायेने म्हणाल्या, "एवढंसंच तर आहे, वरचं खरवडून दे त्याला!"

नाही हो काकू. दूध न पचणं वेगळं आणि दुधाची अ‍ॅलर्जी वेगळी. न पचणाऱ्याला त्रास होतो तो लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा. मुरलेल्या चेडरमध्ये ती जवळजवळ उरतच नाही, म्हणून अशा कितीतरी लोकांना चेडर चालतं. अ‍ॅलर्जी असते ती दुधातल्या प्रथिनांची, आणि चीज म्हणजे तर केसीन नावाचं प्रथिन घट्ट करून ठेवलेलं! खरवडून ते जात नाही. ब्रिटनमध्ये ज्या १४ गोष्टी खाद्यपदार्थांच्या लेबलवर ठळक छापाव्याच लागतात, त्यांत दूध आहे ते उगाच नव्हे.

आता चीजवाल्यांची बाजू. चवीच्या बाबतीत त्यांचं खरं आहे. चीजची खरपूस कड कुणाला आवडत नाही? माझ्याही फ्रीजमध्ये असतं चेडर. आणि चीज वगळून केलेले मफिन्स बऱ्याचदा पुठ्ठ्यासारखे लागतात हेही मान्य. पण का लागतात? कारण आपण चीज काढतो आणि त्याच्या जागी काहीच घालत नाही. १०० ग्रॅम चेडर काढलं की त्याबरोबर साधारण ३३ ग्रॅम स्निग्धांश आणि पावणेदोन ग्रॅमच्या आसपास मीठही जातं. मग फिका आणि कोरडा मफिन खाऊन म्हणायचं, "बघ, चीजशिवाय मजा नाही." आमटीत मीठ घालायला विसरायचं आणि दोष तुरीच्या डाळीला द्यायचा, त्यातलाच प्रकार!

हिशेब सोपा आहे. १०० ग्रॅम चीज वगळलंत तर दोन मोठे चमचे तेल आणि पाव चमच्याहून थोडं जास्त मीठ वाढवा. राहता राहिली ती जिभेवर रेंगाळणारी चव. त्यासाठी कांदा चांगला तपकिरी होईपर्यंत परता, घाई नको. मेतकूट, भाजलेले तीळ, लसणाची कोरडी चटणी, बारीक चिरून परतलेले मश्रूम, यातलं काहीही चालेल. १२ मफिन्सना मी २५० ग्रॅम मैद्यात दोन मोठे चमचे मेतकूट घालते. दुधाऐवजी सोयाचं दूध, त्यात चमचाभर लिंबाचा रस. कोरडं आणि ओलं जेमतेम एकत्र करायचं, घोटत बसलात तर मफिन चिवट होतो. स्कोनसाठी लोण्याऐवजी गोठलेलं खोबरेल (खायचं हं, केसांचं नव्हे! :-)) गारगार असतानाच पिठात चोळायचं.

"पण इंग्लिश पद्धत चीजचीच ना?" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. मे १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये चीजचं रेशनिंग सुरू झालं, तेव्हा सुरुवातीला माणशी आठवड्याला मिळायचं १ औंस. म्हणजे २८ ग्रॅम! ते रेशनिंग संपायला १९५४ साल उजाडलं. त्या वर्षांत इथल्या बायकांनी ओव्हन बंद ठेवले नव्हते. स्कॉटलंडचे तव्यावरचे बटाट्याचे स्कोन तर उकडलेला बटाटा, पीठ, मीठ आणि थोड्या लोण्यावर होतात. आयर्लंडचा सोडा ब्रेड म्हणजे पीठ, मीठ, सोडा आणि ताक. चीज कुठेच नाही.

चीज खाऊ नका असं मी म्हणतच नाही. म्हणणं एवढंच की ज्या टेबलाभोवती लहान मुलं आहेत, तिथे किमान एक ताट असं असावं की कुणाला काही खरवडावं लागू नये. ते ताट केविलवाणंही नसावं, चवीचं असावं. आपण अर्धा दिवस खपून करतो, त्या कष्टाचं चीज व्हायला आत चीज असलंच पाहिजे असं थोडंच आहे?

भाच्याने त्या दिवशी माझे तीन मफिन्स खाल्ले. चौथा त्या काकूंनी त्याच्या हातात ठेवला, पण आधी माझ्याकडे बघून विचारलं, "यात नाही ना गं दूध?" मला तेवढं पुरलं.

ताई, तू वाचशीलच. पुढच्या शनिवारी तीळ-लसणाचे स्कोन करणार आहे, त्याला सांग.