श्वासाची तालीम

उन्हाळी सुट्ट्या लागल्या की अमरावती-अकोल्याकडचे अनेक पालक मुलांच्या हाती बासरी देतात. हेतू स्तुत्य असतो. घाई मात्र घातक ठरते. महिनाभरात एखादे गाणे वाजावे, संमेलनात टाळ्या मिळाव्यात, ही अपेक्षा! गाणे कसेबसे वाजते, पण सूर थरथरतो, दम अपुरा पडतो. आपल्यात कलाच नाही, असा मुलाचा ग्रह होतो आणि दिवाळीपूर्वीच बासरी माळ्यावर जाते.

सुषिर वाद्याची साधना श्वासापासून सुरू होते, हे वऱ्हाडाला तरी सांगावे लागू नये. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. मल्लखांब शिकू लागलेल्या मुलाकडे आपण पहिल्याच महिन्यात अवघड कसरती मागत नाही. आधी अंग तयार करून घेतो. मग बासरीलाच वेगळा न्याय का?

बासरीला शास्त्रीय मैफलीत मानाचे स्थान मिळवून देणारे पं. पन्नालाल घोष (१९११-१९६०) तारुण्यात व्यायामशाळेत रमले, मुष्टियुद्ध खेळले. खालचे गंभीर सूर निघावेत म्हणून त्यांनी सुमारे ३२ इंच लांबीची बासरी रूढ केली. अशा बासरीला कमावलेला दमच लागतो.

तो कमावण्याचा मार्ग साधा आहे. रोज पहाटे अर्धा तास बसावे. खांदे न उचलता पोटातून श्वास घ्यावा आणि तानपुऱ्याच्या साथीने मंद्र सप्तकातील एकेक सूर श्वास संपेपर्यंत धरावा. दम सरत आला की सूर उतरू लागतो. नेमका तेथेच कान हवा. त्यानंतर संथ लयीत अलंकार. गाणे सर्वांत शेवटी.

आपल्या हवामानाचेही भान हवे. हिवाळ्याच्या पहाटे गार बासरीचा सूर उतरलेला लागतो. म्हणून थोडा वेळ वाजवून मगच तानपुरा जुळवावा. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात बांबू तडकतो. बासरी कापडात गुंडाळून सावलीत ठेवावी.

घोषातील वंशीवादकांनाही हाच नियम लागू आहे. संचलनाच्या आधीच्या आठवड्यातील धावपळीने रांगेचा सूर एक होत नाही. त्यासाठी वर्षभराची नित्य साधनाच हवी.

पालकांनो, मुलाला "कोणते गाणे येते?" असे विचारू नका. "आज सूर किती वेळ स्थिर राहिला?" एवढेच विचारा.