एकट्या प्रवाशाचे अर्थशास्त्र

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली नवे पर्यटन धोरण जाहीर केले. दहा वर्षांत १ लाख कोटी रुपयांची खाजगी गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार ही त्याची उद्दिष्टे. या धोरणात गुंतवणूकदार आहे, लहानमोठे प्रकल्प आहेत, त्यांना द्यावयाच्या सवलती आहेत. पण ज्याच्या नावाने हा सारा पसारा मांडायचा तो प्रवासी कोण, हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला नाही. गृहीत धरलेला प्रवासी मोटारीने येतो, सहकुटुंब येतो आणि दोन दिवसांत भरपूर खर्च करून जातो. बेताचे पैसे गाठीला बांधून, थंडीच्या दिवसांत, एखादे जुने शहर एकट्याने पाहावयास निघालेला माणूस या हिशेबात बसत नाही. तो शिक्षक असेल, कारकून असेल, निवृत्त गिरणी कामगार असेल किंवा संसाराच्या रगाड्यातून प्रथमच चार दिवस मोकळी झालेली बाई असेल. या माणसाचा विचार करणे हे समाजवादी कार्यकर्त्यांचे काम आहे.

रत्नागिरीचे उदाहरण घ्यावे. पावसाळ्यात येथे घराबाहेर पडणे कठीण आणि वैशाखात घामाने जीव नकोसा होतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र सकाळी मतलई वारा वाहतो, आंब्याला मोहोर आलेला असतो आणि दिवसभर पायी हिंडले तरी थकवा येत नाही. लोकमान्य टिळकांचे १८५६ सालचे जन्मघर, भागोजी कीर यांनी १९३१ साली बांधलेले आणि अस्पृश्यांसह सर्व हिंदूंना खुले असलेले पतितपावन मंदिर, समुद्रात शिरलेल्या टेकडीवरचा रत्नदुर्ग, मांडवीचा काळा समुद्र, थिबा राजवाडा, एवढे पाहून प्रवासी काजळी नदीच्या खाडीवरील पूल ओलांडतो आणि भाट्ये गावात येतो. येथे सुरूचे बन आहे, सरळसोट वाळूचा किनारा आहे, त्याच्या दक्षिण टोकाला झरी विनायक आहे आणि १९५५ साली स्थापन झालेले नारळ संशोधन केंद्रही आहे. केंद्रात तयार झालेल्या जातींची रोपे कोकणातील बागाईतदार घेऊन जातात. अलीकडे पुलाखाली ओहोटीच्या वेळी बाया गुडघाभर पाण्यात तिसऱ्या वेचत असतात. राजवाडा, संशोधन केंद्र आणि तिसऱ्या वेचणाऱ्या बाया अशा तीन गोष्टी एका दिवसाच्या चालीत पाहता येतील अशी गावे फार नाहीत.

या शहराच्या इतिहासात एक विशेष आहे. ब्रिटिशांनी रत्नागिरीचा उपयोग माणसे अडकवून ठेवण्यासाठी केला. ब्रह्मदेशचा अखेरचा राजा थिबा याला १८८५ च्या युद्धानंतर पदच्युत करून प्रथम मद्रासला आणि १८८६ साली रत्नागिरीस आणण्यात आले. त्याच्यासाठी राजवाडा बांधला गेला तो १९१० साली आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो येथेच वारला. तीस वर्षांत त्याला आपला मुलूख पुन्हा दिसला नाही. दिल्लीच्या बादशहाला रंगूनला धाडावयाचे आणि मंडालेच्या राजाला रत्नागिरीला, अशी ही साम्राज्याची अदलाबदल होती. विनायक दामोदर सावरकरांना १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरी जिल्ह्यातच स्थानबद्ध ठेवले होते. त्यांच्या राजकारणाशी समाजवाद्यांचा मतभेद जुना आणि मूलभूत आहे. परंतु माणसाच्या पायात अशी अदृश्य बेडी घालण्याचा सरकारचा अधिकार कोणताही लोकशाहीवादी मान्य करणार नाही. हे गाव यासाठी निवडले गेले, कारण ते आडवळणाला होते. येथे रेल्वे नव्हती आणि पावसाळ्यात बोटही येत नसे.

भारतीय संविधानाच्या कलम १९ ने देशभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा. संचार हा केवळ पोटासाठी नसतो. आपला देश पाहणे, इतरांचा इतिहास त्यांच्या दारात जाऊन समजून घेणे, हाही त्या हक्काचाच भाग आहे. ह्युएनत्संग सातव्या शतकात चीनमधून निघाला तेव्हा त्याच्या हाती बादशहाची परवानगीदेखील नव्हती. तरीही तो महाराष्ट्रापर्यंत पोचला आणि पुलकेशीच्या राज्याविषयी त्याने लिहून ठेवलेला मजकूर आपण आजही आधार म्हणून वापरतो. आज परवान्याची अडचण नाही. अडचण आहे ती भाड्याची, खोलीची आणि वेळेची. कायद्याने दिलेला हक्क बाजाराने काढून घेतला, तर तो हक्क कोणाच्या पदरात पडला?

एकटा प्रवासी कमी खर्च करतो, म्हणून त्याच्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही, असे पर्यटनाचे व्यवहारी तज्ज्ञ म्हणतात. हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या पहिल्या कसोटीलाही उतरत नाही. प्रवाशाने किती खर्च केला याहून त्या खर्चातील किती भाग गावात राहिला हे महत्त्वाचे. मोठ्या हॉटेलात दिलेल्या रुपयातून मालकाचा नफा मुंबईला किंवा परराज्यात जातो, भांडवलावरचे व्याज बँकेला जाते, सामान घाऊक बाजारातून येते आणि आरक्षण करून देणारी कंपनी आपली दलाली आधीच कापून घेते. गावाला उरतो तो काही नोकरांचा पगार. एकटा प्रवासी एस.टी.ने फिरतो, खानावळीत जेवतो, टपरीवर चहा घेतो, शहाळे पितो, रिक्षावाल्याला पैसे देतो आणि जाताना फणसपोळी किंवा कोकम बांधून घेतो. त्याची रक्कम लहान असते, पण ती एकाच दिवसात दहा घरी पोचते. शिवाय तो मोटार उभी करायला जागा मागत नाही, पोहण्याचा तलाव मागत नाही आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाडीच्या वाट्याचे पाणी उपसत नाही.

अशा माणसाची वाट आपण कशी अडवतो? लॉजमध्ये एकट्याला खोली देण्यास सर्रास टाळाटाळ होते. एकटा आला म्हणजे जिवाचे काही बरेवाईट करील, ही धास्ती. बाई एकटी असेल तर संशयाची नजर आणि प्रश्नांची सरबत्ती ठरलेली. खोली मिळालीच तर भाडे दोघांचे. करव्यवस्थेनेही गरिबाच्या खोलीवर नजर टाकली. दिवसाला एक हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला असलेली वस्तू व सेवा कराची माफी १८ जुलै २०२२ पासून काढून तिच्यावर १२ टक्के कर बसविण्यात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला खरा, पण साडेसात हजारांच्या खोलीलाही आज तोच दर आहे. सरकारी नोकराला रजा प्रवास सवलत मिळते, तर असंघटित कामगाराला भरपगारी रजाच नसते. त्याने रत्नागिरी पाहावी ती केव्हा?

एस.टी.ने या बाबतीत जे केले ते मात्र मोकळेपणाने सांगितले पाहिजे. ‘आवडेल तेथे प्रवास’ ही पासाची योजना १९८८ पासून चालू आहे. ७५ वर्षांवरील वृद्धांना २०२२ पासून मोफत आणि स्त्रियांना मार्च २०२३ पासून निम्म्या तिकिटात प्रवास मिळतो. ज्या बाईने माहेर-सासर यापलीकडचे गाव पाहिले नव्हते, ती या सवलतीमुळे घराबाहेर पडली. परंतु सवलत असून गाडी नसेल तर तिचा उपयोग काय? रेल्वे स्थानक गावापासून दूर, आणि स्थानक, राजवाडा, भाट्ये, पावस अशी नेमाने फिरणारी गाडी ही चैन नसून साधी गरज आहे.

भाट्याच्या किनाऱ्याचा प्रश्न याहून मूलगामी आहे. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून बांधकामाला मनाई असलेला पट्टा २०० मीटरांवरून ५० मीटरांपर्यंत आणण्याची तरतूद केली आणि वाळूवर पर्यटनासाठी तात्पुरत्या सोयी उभारण्यास वाव दिला. पुढच्याच वर्षी राज्याने आठ किनाऱ्यांवर कुटी उभारण्याचे धोरण आखले. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर आणि आरे-वारे होते. स्थानिकांना काम मिळावे ही त्यातील अट स्वागतार्ह होय. पण किनारा ही कोणाची खाजगी इस्टेट नव्हे. खाडीच्या मुखाशी साचणारा गाळ काढावा ही राजिवड्याच्या मच्छिमारांची मागणी वर्षानुवर्षे रेंगाळते आणि सुशोभीकरणाला मात्र निधी मिळतो, ही प्राधान्यक्रमाची उलटापालट आहे. वाळूवर कुंपण पडले की प्रथम मच्छिमाराची होडी हटते आणि तिच्या पाठोपाठ फुकट समुद्र पाहणारा माणूस हटतो. या दोघांचे हित एकच आहे.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो टाळता येणार नाही. कोकणातील तरुण आजही मुंबईची वाट धरतो. त्याला चहाच्या टपऱ्यांवर किती रोजगार मिळणार? आक्षेपात तथ्य आहे. एकट्या प्रवाशांवर जिल्ह्याची अर्थव्यवस्था उभी राहणार नाही. ती मासेमारी, फळप्रक्रिया, नारळ-काजू यांवरच उभी राहील. पण मोठ्या हॉटेलांवर तरी ती कोठे उभी राहते? प्रश्न हॉटेल असावे की नसावे हा नाही, सार्वजनिक पैसा कोणाच्या सोयीसाठी खर्चावा हा आहे. खाजगी भांडवल आपली सोय आपण पाहील. सरकारने इतरांची पाहावी.

हे स्वप्नरंजन नव्हे. जर्मनीत आल्टेना येथील जुन्या किल्ल्यात १९१२ साली तरुण भटक्यांसाठी वसतिगृह निघाले आणि तेथून ती चळवळ जगभर पसरली. फ्रान्समध्ये १९३६ च्या लोकआघाडीच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा आणि रेल्वे भाड्यात ४० टक्के सूट दिली. हजारो कामगारांनी त्या उन्हाळ्यात प्रथमच समुद्र पाहिला. आपल्याकडे १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असलेल्या मधु दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आणली, तेव्हा दोन इंचांच्या त्या गादीत समाजवादाचा एक पाठ सामावला होता.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या नगरपरिषदेपुढे आणि ग्रामपंचायतीपुढे काही मागण्या ठेवाव्यात. एकट्या माणसाला, विशेषतः एकट्या स्त्रीला, बिनदिक्कत खाट मिळेल असे सार्वजनिक यात्री निवास प्रत्येक ऐतिहासिक शहरात असावे. केवळ एकटा आहे या कारणाने खोली नाकारण्यास बंदी असावी. किनाऱ्यावर स्वच्छतागृह असावे, कुंपण नसावे, आणि तेथील कोणतीही कुटी ग्रामसभेच्या संमतीविना उभी राहू नये. स्मारकांत मराठीतून नीट माहिती मिळावी. थिबा राजवाड्यात केवळ राजाचे वैभव सांगून भागत नाही. त्याला येथे का डांबले आणि त्याची नात पुढे याच गावात सामान्य माणसांत कशी मिसळून गेली, हेही तेथे वाचावयास मिळाले पाहिजे.

यांतील एकाही मागणीला लाख कोटी लागत नाहीत. ज्या गावात परक्या सत्तेने माणसांचे फिरणे बंद केले, त्या गावात कोणाही सामान्य माणसाला एकट्याने, सन्मानाने आणि परवडेल अशा खर्चात फिरता यावे, एवढेच मागणे आहे. ते पुरे करून घेण्याइतकी ताकद चळवळीत अजून आहे. ती कामाला लावावी.