मेंढ्यांच्या मागचं गाव

परवा आत्याचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, आणि मग तिने एकदम विचारलं, "काय रे, यंदा वावरात मेंढ्या बसल्या का?" मी म्हटलं, "आता कुठे बसतात आत्या! बारा महिने पपई नाहीतर ऊस उभा असतो." ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आणि आपले ते ठेलारी?" मला उत्तर सुचलं नाही. खरं तर सुचलं होतं, पण फोनवर आत्याला सांगण्यासारखं नव्हतं. तेच आज इथे लिहितोय. आत्या, वाचलंस तर रागावू नकोस.

बाहेरच्या मंडळींसाठी आधी थोडी ओळख. ठेलारी हे आमच्या खानदेशातले मेंढपाळ. सरकारी यादीत भटक्या जमाती (ब) मध्ये त्यांचं नाव आहे. घोड्यावर संसार, पुढे मेंढ्या, सोबत कुत्री. पावसाळ्याचे दिवस कमी पावसाच्या, कोरड्या भागात काढायचे, कारण चिखलात मेंढीचे खूर सडतात. दिवाळीनंतर रानं मोकळी झाली की निघायचं आणि पावसाच्या तोंडावर परत फिरायचं. आपण याला 'भटकणं' म्हणतो. पण कुठल्या गावात कुठलं पीक कधी निघतं, पाणी कुठे मिळेल, कुठला पाटील नडेल, हे सगळं ज्याच्या डोक्यात पक्कं असतं, तो भटकतोय असं कसं म्हणायचं? भटकतो तो वाट चुकलेला. हे तर वाटेवरचेच लोक!

मी लहान असताना शहादा तालुक्यातल्या आमच्या वावरात दरवर्षी मेंढ्या बसायच्या. ज्वारी निघाली की आबा वाट बघायचे. बोलणं आदल्या वर्षीच झालेलं असायचं, किती रात्री बसायचं आणि किती धान्य द्यायचं. कागद नाही, सही नाही. संध्याकाळी जाळी लावून मेंढ्या कोंडायच्या, दुसऱ्या दिवशी जाळी पुढे सरकवायची. असं करत करत अख्खं वावर फिरून व्हायचं. लेंडी तर पडायचीच, पण आबा म्हणायचे, खरी ताकद मुतात आहे, ते गाडीत भरून आणता येत नाही. म्हणून मेंढी वावरातच बसली पाहिजे! शेणखत गाडीने आणा, पसरा, ही सगळी मजुरी वाचायची. शिवाय पुढची दोन-तीन पिकं त्यावर तरारून यायची.

मला मात्र खताशी देणंघेणं नव्हतं. मला त्यांचा वाडा बघायचा असायचा. पुरुष मेंढ्या घेऊन जायचे आणि मागचा सगळा कारभार बायकांच्या हातात. घोड्यावर सामान बांधणं, पुढच्या मुक्कामाची जागा बघणं, दाण्याचा हिशोब, आजारी मेंढीचं औषध. टोपलीखाली कोकरं झाकलेली असायची आणि दुसऱ्या टोपलीत कोंबड्या. घोड्याच्या पाठीवर सगळ्यात वर एखादं दोन वर्षांचं पोर बांधून बसवलेलं. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथे लाखालाखाचे घोडे बघायला आता लांबून लोक येतात, फोटो काढतात. मला मात्र घोडा म्हटलं की ते अख्खं घर पाठीवर घेतलेलं मळकं तट्टूच आठवतं.

मग हे मोडलं कसं? कुणी एकाने मोडलं नाही. विहिरी खोल गेल्या, बोअर आले, दुसरं-तिसरं पीक निघायला लागलं. रान मोकळं राहीना. युरियाची गोणी दुकानात मिळायला लागली, ती मागणी करत नाही, धान्य मागत नाही, पाणी मागत नाही. कापूस वेचून झाल्यावर मेंढ्यांना पऱ्हाटी चारायची रीत होती, पण त्यावर इतक्या फवारण्या व्हायला लागल्या की चारणाऱ्यालाच धास्ती. जंगलाकडे जावं तर रोपवनाला कुंपण आणि दंडाची पावती. आमच्या घरात मेंढ्या बंद केल्या त्या अण्णांनी, पण सल्ला माझा होता. कृषीचं शिक्षण घेऊन मी नुकताच आलो होतो. एकरी किती नत्र लागतं ते मला पाठ होतं.

आता ती गोष्ट, जी आत्याला सांगितली नाही.

१ जुलै २०१८ ला आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, आठवडे बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, बहुतेक मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत इतक्या लांब आलेली. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाइलवरून गावोगाव पसरली होती. तेवढं पुरलं. योगायोग असा की नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तोही १ जुलैलाच, १९९८ साली. इकडे विसाव्या वर्धापनदिनाचा दिवस आणि तिकडे हे.

त्या दिवशी मी घरात खूप तावातावाने बोललो. अडाणी लोक, माणुसकी उरली नाही, वगैरे.

त्याच वर्षी दिवाळीनंतर सालदाराचा फोन आला, बांधावर कुणीतरी वाडा टाकलाय. मी मोटारसायकल काढून गेलो. एक म्हातारे बाबा उभे होते, खांद्यावर घोंगडी. मी विचारलं, "तुमनं गाव कोन्तं?" ते हसून म्हणाले, "आमनं गाव मेंढ्यास्ना मांगे." मला ते हसणं आवडलं नाही. मी म्हटलं, आधार कार्ड दाखवा.

त्यांनी मुकाट्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून कार्ड काढलं. पत्ता साक्री तालुक्यातला. मी ते उलटसुलट बघितलं आणि मोबाइलवर फोटोही काढला. मग बाबांनी आबांचं नाव घेतलं. विहिरीचं बांधकाम चाललं होतं तेव्हा आम्ही इथेच होतो म्हणाले. कोपऱ्यातला निंब तेव्हा कमरेएवढा होता म्हणाले. माझ्या वावराची माझ्यापेक्षा जुनी माहिती त्यांना होती, आणि मी त्यांच्या कार्डाचा फोटो काढत होतो.

मी त्यांना जा म्हटलं नाही हो. पाणीही दिलं. पण सकाळी गेलो तर वाडा हललेला. फक्त चुलीची राख. त्यानंतर ते आले नाहीत.

तेव्हापासून मला एक गोष्ट वाटते. भटक्या माणसाची ओळख त्याच्या गावात नसते, ती वाटेवरच्या गावांमध्ये असते. 'दरवर्षी येतात, आपल्या बापाच्या वेळेपासून येतात' हे सांगणारी चार माणसं हेच त्याचं ओळखपत्र. ते ओळखपत्र आपण, म्हणजे मी आणि माझ्यासारख्यांनी, वावर बंद करून रद्द केलं. आणि मग त्याच्याकडेच कागद मागायला लागलो. राईनपाड्याच्या जमावाला मी अडाणी म्हटलं होतं. त्यांनी केलं ते मी केलं नाही, तरी सुरुवातीचा संशय तोच होता.

कायदाही असाच वागतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क लिहिलेला आहे. पण जो अनुसूचित जमातीत नाही त्याने तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वनातला वास सिद्ध करायचा. ज्याच्या आजोबाने कुठे चार महिन्यांपेक्षा जास्त चूल मांडली नाही, त्याने पुरावा आणायचा कुठून?

दुसरी बाजूही मला दिसते. आमच्या जिल्ह्यातलं जंगल रिकामं नाही. तिथे भिल्ल, पावरा, मावची, कोकणी लोकांची गावं आहेत, आणि त्यांनाही हक्काचा कागद मिळवायला चपला झिजवाव्या लागल्या. त्यांच्या ग्रामसभेला न विचारता कुणी चारायला सोडणार असेल तर ते चूकच. उभ्या पिकात मेंढ्या शिरल्या की शेतकरी रडतो, तेही मी पाहिलंय. आणि ठेलाऱ्यांच्या पोरींनी जन्मभर कोकरंच उचलावीत असं मुळीच नाही. त्यांना शाळा हवी, आणि ती वाटेवर असताना सुटणार नाही अशी हवी. पण स्थिर व्हा, मग बघू, हे उत्तर नाही. ग्रामसभा आणि मेंढपाळ समोरासमोर बसून कुठे, किती दिवस, किती मेंढ्या, हे ठरवू शकतात. आबा तेच करत होते, फक्त तोंडी.

पश्चिम सहारात सहरावी नावाचे लोक आहेत. उंट घेऊन पावसामागे फिरायचे म्हणून त्यांना 'ढगांची लेकरं' म्हणत. १९७५-७६ मध्ये स्पेनने तो मुलूख सोडला, लढाई पेटली, पुढे मोरोक्कोने वाळवंटात अडीच हजार किलोमीटरहून लांब बांध घातला. त्यांच्यातले कितीतरी आजही अल्जीरियात टिंडूफजवळच्या छावण्यांत आहेत. ढग बांधावरून जातो, लेकरं अडकतात. आपल्याकडे असा बांध कुणी घातला नाही. आपण फक्त एकेक वावर बंद करत गेलो.

असो. यंदा अण्णांशी बोलून दोन एकर ज्वारी निघाल्यावर मोकळं ठेवायचं ठरवलंय. युरियाने जमीन कशी दगड झालीय ते त्यांनाही दिसतंय. मोबाइलमधला तो फोटो शोधला, तर फोन बदलताना कधीच गेला. आता त्या बाबांना निरोप कुठे आणि कसा पाठवायचा, तेच कळत नाहीये.

आत्या, तुला कुणी माहीत असेल तर सांग.